डॉक्टरांचा माणूस

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्या थांबल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले आणि त्यांतले कितीतरी जण हळूहळू सातारा-सांगलीकडे गावी परतले. खानापूर तालुक्यात अशा एका कार्यकर्त्याजवळ बसून मी त्याच्या कामाची रीत समजून घेतली. सांचाखात्यातला, म्हणजे मागावरचा माणूस. संपाचे नेते दत्ता सामंत यांना तो आजही नुसतं 'डॉक्टर' म्हणतो.

युनियन भाषणांनी उभी राहत नाही. सकाळची पाळी भरायच्या आधी तो गेटवर हजर असायचा. काम मिळेल का म्हणून ताटकळलेल्या बदली कामगारांशी पहिलं बोलणं. खरी बैठक मात्र गावकीच्या खोलीवर व्हायची. एकाच गावचे गडी, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे. त्यांच्यातला वडीलधारा पटला की अख्खी खोली पटायची. त्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे बिल्ला नंबर, खातं आणि शेवटच्या रकान्यात गाव. संप लांबला तेव्हा हाच रकाना कामी आला. कुणाला कामावर येण्याचा निरोप आलाय, कुणाच्या घरातली ज्वारी संपलीय, हे बघत तो वाड्यावस्त्या पायी हिंडला. ज्याची चूल बंद होती त्याला 'टिकून राहा' म्हणताना जीभ जड व्हायची, हे त्याने लपवलं नाही.

सामंतांवर आरोप पुष्कळ झाले. मारामाऱ्या होतात, कंपनीचा ताळेबंद न बघता मागण्या फुगवतात, तडजोड जाणत नाहीत. या कार्यकर्त्याचं उत्तर ठरलेलं: डॉक्टर आमच्याकडे आले नव्हते, 1981 मध्ये बोनसवरून चिडलेले आम्हीच त्यांच्या दारात गेलो. ते खरंच आहे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि कामगारांना तो संघ आपला वाटत नव्हता. पण संपात नेणाऱ्याला परतीची वाटही ठाऊक हवी, असं मला ठामपणे वाटतं. ती डॉक्टरांकडे नव्हती. संप रीतसर मागेही घेतला गेला नाही. माझं हे म्हणणं त्याने शांतपणे ऐकलं आणि मान्य केलं नाही.

तरी त्याची डॉक्टरांवरची निष्ठा आंधळी नव्हती; संपात शिकलेलं गावच्या लढ्यातही कामी आलं. गावी दुष्काळ होता. भारत पाटणकरांच्या मुक्ती संघर्ष चळवळीत परतलेले गिरणी कामगार शिरले आणि रोजगार हमीच्या कामांसाठी मोर्चे निघू लागले. घरोघरी जायचं, नाव लिहायचं, वर्गणीची पावती फाडायची, ही गेटवरची सवय इथे उपयोगी पडली. पुढे येरळा नदीवर बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा ठरवला. डॉक्टरांचा यात हात नव्हता. त्यांच्या संपात तयार झालेल्या माणसांचा होता.

16 जानेवारी 1997 ला पवईत सामंतांचा खून झाला. संपाचा इतिहास त्यांच्या नावाने लिहिला गेला, खोल्याखोल्यांतून तो चालवणाऱ्यांचा अजून लिहायचा आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटावमधल्या तरुणांनो, घरात असा म्हातारा असेल तर आज त्याच्याजवळ बसा आणि तो सांगेल ते उतरवून घ्या.