रेशनचे रुपये आणि विद्येचे खाते

आर्वी तहसिलीतील रोहण्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या गावी परदेशी मदतीचा विषय निघाला, म्हणजे वडीलधाऱ्यांना प्रथम आठवतो तो रेशनच्या दुकानातला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. त्याच्या भाकरीविषयीचे त्यांचे अभिप्राय छापण्याजोगे नसतात. परंतु त्या धान्यापोटी गिऱ्हाइकाने मोजलेले रुपये पुढे कोठे गेले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आणि परदेशी मदत शिक्षणाच्या व संशोधनाच्या वाट्याला कशी येते हे समजून घ्यावयाचे, तर तीच चौकशी अधिक उपयोगाची आहे.

अमेरिकेने १९५४ साली केलेला आणि आपल्याकडे ‘पी. एल. ४८०’ या नावाने परिचित झालेला जो कायदा, त्याअन्वये त्या देशाचे शिलकी धान्य डॉलरांऐवजी रुपयांत विकत घेण्याची सवलत भारत सरकारला १९५६ च्या कराराने मिळाली. हे रुपये अमेरिकेच्या नावे येथेच जमा होत. त्यांतला मोठा हिस्सा कर्जाऊ वा अनुदान म्हणून पुन्हा आपल्याच सरकारकडे येई. उरलेल्यातून वकिलातीचा खर्च भागे, आणि त्याच खात्यावर आपल्या विद्यापीठांतील व कृषिसंशोधन संस्थांतील शास्त्रज्ञांच्या प्रकल्पांना अनुदाने मंजूर होत. धान्याची किंमत अमेरिकन करदात्याने सोसली हे खरेच; पण प्रयोगशाळेत खर्ची पडलेला रोकड रुपया मात्र रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा होता.

मौज आहे ती ग्रंथांची. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने याच रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके, नियतकालिके व सरकारी अहवाल खरेदी करून तिकडील निवडक विद्यापीठांकडे रवाना करण्याचा क्रम सुरू केला. त्यांत मराठी पुस्तकेही होती. जी कादंबरी तहसिलीच्या वाचनालयात पोचेल की नाही याची शाश्वती नव्हती, ती शिकागोच्या ग्रंथालयात रीतसर नोंद होऊन कपाटात बसत असे. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे भारतातील राजदूत मॉयनिहान यांनी साचलेल्या रकमेपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हवाली केला, आणि त्या अगडबंब खात्याचा बहुतांश निकाल लागला.

याउलट पवईच्या आय. आय. टी.चे उदाहरण घ्यावे. १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेस युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ मिळाले, आपल्या अध्यापकांच्या प्रशिक्षणाची तजवीज झाली, आणि इमारती व पगार यांचा भार आपण उचलला. पाहुणे तज्ज्ञ परतले तरी वर्ग चालू राहिले. माझ्या मते मदतीची खरी कमाई ही. आज श्रीमंत राष्ट्रांच्या मदतीच्या आकड्यांत, जर्मनी व फ्रान्स येथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर त्या सरकारांनी आपल्याच विद्यापीठांत केलेला खर्चही धरता येतो; तेव्हा आकडा वाचण्यापूर्वी पैसा कोणत्या देशात खर्च झाला हे विचारलेले बरे.

हा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. मिलोची जहाजे मुंबईस लागत होती त्याच काळात, १९६४ च्या सप्टेंबरात, भारताने ‘आयटेक’ ही योजना काढली; तिच्याखाली आशिया व आफ्रिकेतील अधिकाऱ्यांचे विमानभाडे, राहणे आणि शिकवणी यांचा भार आपले परराष्ट्र मंत्रालय वाहते, आणि शिकवणीची फी बहुधा भारतीय संस्थेच्याच खात्यात जमा होते.