ओल आधी, गिलावा नंतर

जुन्या भिंतीला लोणा लागतो तो खालून वर चढत. वसईच्या किनाऱ्यालगतच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबांची जी जुनी घरे अजून टिकून आहेत, दगडी जोत्याची आणि चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतींची, त्यांत पावसाळा सरला की हा प्रकार ठळक दिसू लागतो. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि पोपड्यामागून पांढरी भुकटी गळते. ही भुकटी क्षारांची असते. जमिनीतले पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर ओढले जाते, भिंतीच्या पृष्ठभागाशी त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. वाढत्या स्फटिकांच्या दाबाने गिलावा आतून उचलला जातो. ओलीची रेघ बहुधा कमरेच्या आसपास थांबते, कारण त्या उंचीला जितके पाणी वर चढते तितकेच सुकून जाते.

यावर हल्ली सर्रास होणारा उपाय म्हणजे पोपडे खरवडून सिमेंटचा गिलावा थापायचा आणि वर तेलरंग मारायचा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असाच हा कारभार. इंग्लंडमधील लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्याआधीची बांधकामे चुन्याची, आणि वसईत तर त्यानंतरही कितीतरी वर्षे चुनाच चालला. सिमेंट वाईट नाही, पण ते जुन्या विटेपेक्षा कठीण असते आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. कोंडलेली ओल मग आणखी वर चढते. दोन-तीन पावसाळ्यांनी गिलाव्याची अख्खी खपली सुटते आणि तिच्या पाठीला विटेचा थर चिकटून येतो. म्हणजे दुरुस्तीनेच भिंत झिजते.

बायबलच्या जुन्या करारात या फसवणुकीची चांगलीच दखल घेतलेली आहे. यहेज्केलच्या १३ व्या अध्यायात लोक कच्ची भिंत उभारतात आणि संदेष्टे तिच्यावर वरवरचा लेप देतात. मग पाऊस, गारा आणि वादळ येते, भिंत कोसळते, पाया उघडा पडतो आणि लेप कुठे गेला असे लोकांना विचारले जाते. शांती नसताना शांती आहे असे सांगणाऱ्यांवर हा रोख आहे.

लेवीयच्या १४ व्या अध्यायात मात्र दुरुस्तीची रीतसर पद्धतच दिलेली आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घरधन्याने स्वतः याजकाकडे जाऊन तसे सांगायचे. याजक येण्याआधी घर रिकामे करायचे. पाहणीनंतर घर सात दिवस बंद ठेवायचे आणि डाग पसरला का ते पुन्हा पाहायचे. पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतल्या सगळ्या भिंती खरवडायच्या, खरवडलेली मातीही गावाबाहेर न्यायची, आणि मग नवे दगड, नवा गिलावा. इतके करूनही डाग परतला तर घर पाडायचे. लेवीयचा हा बराचसा कंटाळवाणा वाटणारा मजकूर गवंड्याने वाचला तर त्याला त्यात वावगे काही सापडणार नाही. थांबून पुन्हा पाहण्याची सक्ती तर आजच्या ठेकेदारांवरही असायला हवी.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात भिंतीपासून होत नाही. पन्हळ गळते का, अंगणाची फरशी वर्षानुवर्षे भर घालून जोत्याच्या वर गेली आहे का, न्हाणीघराचे पाणी पायाशी मुरते का, हे आधी पाहावे लागते. पाण्याची वाट बंद झाल्यावर भिंत हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहतात. धरलेला गिलावा टणक वाजतो, सुटलेला बद्द. बद्द वाजणारा सगळा भाग, आणि ओलीच्या रेघेच्या वर निदान फूटभर, छिन्नीने उतरवतात. विटांमधल्या दर्जांतला भुसभुशीत झालेला चुना इंचभर खोल खोदून काढतात. मग भिंत कोरड्या ब्रशने झाडतात. इथे पाणी मारले तर क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. खाली पडलेला राडारोडाही क्षारांनी भरलेला असतो; तो अंगणात न पसरता आवाराबाहेर न्यावा लागतो.

त्यानंतर भिंत सुकू द्यायची. या टप्प्यावर घरच्यांचा धीर सुटतो. उघड्या विटा, घरभर धूळ, आणि पाहुणे येणार असतात.

नवा माल म्हणजे भिजवलेल्या चुन्याचा लगदा एक भाग आणि स्वच्छ चाळलेली वाळू तीन भाग. खाडीची रेती खारट असल्याने वापरू नये. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, म्हणून डोळे सांभाळावे लागतात. भिंतीवर गेल्यावर तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो. हे काम आठवड्यांचे, महिन्यांचे आहे. दर्जा आधी ओलसर करून करणीने माल दाबून भरतात. गिलावा पातळ थरांत देतात, एक थर आवळल्यावर दुसरा, आणि ऊन लागू नये म्हणून ओले गोणपाट टांगतात. हा गिलावा मुद्दाम विटेपेक्षा मऊ ठेवतात. उरलेसुरले क्षार त्याच्यात येऊन बसतात, तो झिजतो, आणि वीट वाचते.

कॅथलिक शिकवणीतील प्रायश्चित्त संस्काराचा क्रमही जवळजवळ हाच आहे: पश्चात्ताप, पापनिवेदन, मग भरपाई. घरधन्याने याजकाकडे जावे तसे विश्वासणाऱ्याने आपल्या पायांनी जायचे असते. सफेदी करून पाहुण्यांची वाट पाहायची नसते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की मुक्तिदानाने पाप जाते, पण पापाने केलेली सगळी मोडतोड तेवढ्याने सुधारत नाही. चोरलेले परत करावे लागते, बदनामी झाली असेल तर ज्याचे त्याचे नाव पूर्ववत करावे लागते. लूकच्या १९ व्या अध्यायातला जकातदार जक्कय म्हणूनच चौपट परत करण्याची भाषा बोलतो. क्षमेला सिमेंटसारखे वापरणे, म्हणजे आतले न उकरता वरून झाकणे, हा ख्रिस्ती घरांतलाही जुनाच दोष आहे. भावाभावांतला वाटणीचा वाद नाताळाच्या जेवणात मिटल्यासारखा दिसतो आणि पावसाळ्यात पुन्हा वर येतो.

गिलाव्याने स्वतः झिजून विटेला वाचवणे, यात क्रूसावरच्या ख्रिस्ताचे चित्र पाहता येते. दाखला म्हणून तो ठीक आहे, पण फार ताणू नये: गिलावा काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि ख्रिस्ताचे बलिदान एकदाच व कायमचे झाले, हे तर इब्री लोकांस पत्राचे मुख्य म्हणणे आहे.

अशी दुरुस्ती दिवाळीनंतर काढावी, म्हणजे सुकायला मे महिन्यापर्यंत वेळ मिळतो. पहिला पावसाळा जाईपर्यंत भिंतीला चुन्याच्या सफेदीखेरीज काहीही लावू नये. तेलरंग तर त्यानंतरही नको.