वाद्यमेळासमोर एकटा

बारामती-इंदापूरच्या मुलखात डीजेच्या भिंतींनी रस्ते अडवण्यापूर्वी लग्नाच्या वरातीपुढे जो बँड चाले, त्याच्या वादनपद्धतीत एक विशेष होता. आणि उसाच्या फडावरून आलेल्या वऱ्हाड्यापासून मामलेदार कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्वांच्या कानांना तो इतका सरावाचा झालेला होता, की त्याकडे निराळे लक्ष देण्याचे कोणालाच प्रयोजन वाटत नसे. बँडमास्तर क्लॅरिनेटवर गाण्याची एक ओळ वाजवीत. तेवढा वेळ बाकीची मंडळी स्वस्थ असत, ढोल काय तो हलका ठेका धरून राही. आणि ओळ संपते न संपते तोच ट्रंपेट, युफोनियम आणि उरलेले सारे पितळी सैन्य तीच ओळ उचलून दणाणून सोडी व पुढची ओळ पुन्हा मास्तरांच्या हवाली करी. एकाने म्हणावे, अनेकांनी ते उचलावे, आणि या देवघेवीत त्या एकाचे वेगळेपण अधिकच उठून दिसावे, ही जी योजना, तिलाच युरोपच्या संगीतात अत्यंत संस्कारित रूप प्राप्त झाले, आणि कॉन्चेर्टो या नावाने ते तेथे तीन शतकांहून अधिक काळ नांदत आहे.

हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही, याची साक्ष मोझार्टच देईल. 1791 च्या ऑक्टोबरात, म्हणजे मृत्यूपूर्वी जेमतेम दोन महिने, त्याने आपला मित्र आन्टोन श्टाडलर याच्यासाठी क्लॅरिनेटचा कॉन्चेर्टो पुरा केला. (त्या वर्षी आमच्या बारामतीत मोरोपंत हयात होते आणि त्यांची आर्या अद्याप थकलेली नव्हती, दोघांचे जग एकमेकांस सर्वथा अज्ञात.) या रचनेचा मधला, विलंबित लयीचा भाग उघडतो तो असा : तंतुवाद्यांच्या अगदी मंद आधारावर क्लॅरिनेट एक सरळ, निष्कपट स्वरवाक्य उच्चारते आणि तेच वाक्य मग सारा वाद्यमेळ भरघोस आवाजात म्हणतो, क्लॅरिनेट पुढचे वाक्य सांगते आणि वाद्यमेळ तेही उचलतो. आमच्या बँडमास्तरांची रीत हीच होती. भेद आहे तो औचित्याचा. मोझार्टने या कॉन्चेर्टोत ट्रंपेट आणि नगारे मुळी घेतलेलेच नाहीत. दोन बासऱ्या, दोन बासून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्ये एवढ्यावर त्याने सारा प्रपंच भागवला, त्यामुळे क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकातला घनगंभीर, किंचित धुरकट असा स्वरही कोठे दबून जात नाही.

या प्रकाराचा उगम इटलीतला. व्हेनिस शहरात अनाथ मुलींचा सांभाळ करणारी एक धर्मादाय संस्था होती. तेथे 1703 मध्ये व्हायोलिनचा शिक्षक म्हणून नेमणूक झालेल्या आन्टोनिओ विवाल्डी या तांबड्या केसांच्या पाद्र्याने त्या मुलींच्या वाद्यमेळासाठी अक्षरशः शेकड्यांनी कॉन्चेर्टो रचले. त्याने रूढ केलेली घडण सोपी होती. प्रारंभी सर्वांनी मिळून वाजवायचे एक ठसठशीत धृपद, मग एकल वादकाची भरारी, पुन्हा धृपद, पुन्हा भरारी. आणि द्रुत, विलंबित, द्रुत असे तीन भाग. त्याचा बारा कॉन्चेर्टोंचा संग्रह 1711 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला आणि त्यातले काही जर्मनीत बाखने आपल्या हाताने कळफलकाच्या वाद्यांसाठी उतरवून घेतले. पुढे 1721 मध्ये याच बाखने ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला सहा कॉन्चेर्टोंचा नजराणा पाठवला. त्यातल्या पाचव्यात, तोवर साथीच्या पंगतीत बसत आलेल्या हार्प्सिकॉर्डला त्याने इतके दीर्घ स्वतंत्र वादन बहाल केले आहे, की इतर वाद्यांनी नुसते ऐकत बसावे.

अशा स्वतंत्र वादनाला पुढे कादेन्झा हे नाव कायम झाले. वाद्यमेळ एका अपुऱ्या, प्रश्नार्थक स्वरसंघातावर येऊन थबकतो; एकल वादक एकटाच आपले सारे कसब पणाला लावतो; आणि अखेरीस दीर्घ कंपित स्वराने, आता या, अशी सूचना देतो, की सर्व वाद्ये एकदम आत शिरतात. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्या तबलजीकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या श्रोत्याला या प्रसंगाची खुमारी समजावून सांगावी लागत नाही. मोझार्टच्या काळी वादक कादेन्झा आयत्या वेळी सुचेल तसा वाजवीत. पुढे रचनाकारच तो लिहून देऊ लागले. आमच्या मते त्यात वादकांचे नुकसान झाले.

परंतु कसरत हा कॉन्चेर्टोचा प्राण नव्हे. त्याचा प्राण आहे तो एकट्याने अनेकांशी मांडलेल्या वादात, आणि तो वाद बेथोव्हेनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्टोइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच ऐकू येईल. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नाच्या एका थंडगार नाट्यगृहात, चार तास चाललेल्या जलशात, त्याने तो स्वतः वाजवला. कॉन्चेर्टोचा एकल वादक म्हणून तो रंगमंचावर आला तो तेव्हा अखेरचा. याच्या मधल्या भागात तंतुवाद्ये सर्व मिळून एकाच स्वरपंक्तीत, तुटक आणि करड्या आवाजात, हुकूम सोडावा तशी बोलतात. पियानो उत्तर देतो ते हळू, सलग, विनवणीच्या सुरात. पुन्हा हुकूम, पुन्हा विनवणी. पियानो आपला आवाज चढवीत नाही, तर्क लढवीत नाही. आणि तरीही हुकमांची लांबी हळूहळू आखडत जाते, त्यांतली धार बोथट होते, आणि शेवटी ती सारी फौज पियानोच्याच मंद स्वरात बोलू लागते. हे सारे सुमारे पाच मिनिटांत घडते.

आता प्रश्न असा, की एकल वादनाची एवढी समृद्ध परंपरा असलेल्या आपल्या देशात हा प्रकार का रुजला नाही? त्याचे कारण कलेइतकेच खर्चाच्या हिशेबातही आहे. आपल्या दरबारांनी एखाद्या उस्तादाला तनखा दिला, वर्षासन दिले, क्वचित इनाम जमीनही दिली. पण कायम पगारावरचा पन्नास वादकांचा ताफा पोसण्याची गरज त्यांना सहसा भासली नाही, कारण आपल्या संगीतात एकट्याला साथ हवी असते, प्रतिपक्ष नको असतो. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना जमवून वाद्यवृंद उभारला, हा सन्मान्य अपवाद. आणि व्हेनिसच्या त्या अनाथ मुलींची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

मुंबईत मात्र सरंजाम हळूहळू जमत गेला. पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकलेली मुले पोटासाठी मुंबईत उतरली आणि नृत्यगृहांचे बँड व चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी भरून काढले. 1935 मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना एकल गायक म्हणून उभे केले. ‘अमर अकबर अँथनी’तले गोन्साल्विस यांच्या नावाचे गाणे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, शिष्य प्यारेलाल यांनी वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक.

मैहरच्याच घराण्यातले रविशंकर यांचा सतारीचा पहिला कॉन्चेर्टो जानेवारी 1971 मध्ये लंडनला आंद्रे प्रेविन यांच्या संचालनाखाली सादर झाला. खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज हे त्याचे चार राग. सतार त्यात अर्थातच तेजस्वी आहे. परंतु रागाची शुद्धता राखण्यासाठी स्वरसंवादाचा मोह टाळल्यामुळे वाद्यमेळाच्या वाट्याला पुष्कळ ठिकाणी सतारीचीच ओळ मोठ्याने म्हणण्याचे काम येते, आणि प्रतिपक्षच दुबळा पडला म्हणजे वाद रंगत नाही. झाकीर हुसेन यांच्या ‘पेशकार’ या तबल्याच्या कॉन्चेर्टोला ही अडचण आली नाही. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने 2006 मध्ये स्थापन केलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने तो त्यांच्याकडून लिहवून घेतला आणि सप्टेंबर 2015 मध्ये तेथेच तो प्रथम वाजला. तबल्याचे भांडवल लय. स्वरसंघातांशी त्याचा तंटा नाही, त्यामुळे वाद्यमेळाला आपल्या भाषेत बोलण्याची मुभा राहते आणि तबल्यालाही आपल्या. भारतीय वाद्यांच्या कॉन्चेर्टोंत आम्ही याला वरचे स्थान देतो.

वाचकांनी ऐकावे ते याच अनुक्रमाने : आधी मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचा मधला भाग, मग बेथोव्हेनच्या चौथ्याचा, मग ‘पेशकार’, आणि फोनच्या चिमुकल्या कर्ण्यावर नव्हे, बऱ्या यंत्रावर. मोझार्टच्या कॉन्चेर्टोला लागतात ती सहा फुंकवाद्ये आणि वीस-पंचवीस तंतुवादक, आणि अवधी अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. पुण्या-मुंबईत एवढे वादक आहेत. बारामतीत गदिमा सभागृह आहे. आणि गणेशोत्सवात व व्याख्यानमालांत पदरमोड करणाऱ्या संस्था व सहकारी कारखाने दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांनी एका संध्याकाळचा खर्च उचलावा, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या पुढाऱ्यांसाठी न राखता परिसरातल्या बँडमास्तरांसाठी राखाव्यात, अशी आमची त्यांना विनंती आहे.