पावसात रुसणारी छत्री

मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यांपैकी माझगाव हे एक. पूर्वेस बंदर व गोदी, भंडारवाड्याची टेकडी, म्हातारपाखाडीतील जुनी लाकडी घरे आणि त्यांच्या आसपास उठलेल्या उंच इमारती, असे या भागाचे रूप आहे. येथील गच्च्यांवर, सज्ज्यांत आणि पत्र्यांवर ताटासारख्या पसरट वस्तू आकाशाकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. त्यांना कोणी डिश म्हणतात, कोणी छत्री म्हणतात. खरी छत्री पावसात उपयोगी पडते; ही छत्री मात्र पुष्कळदा ऐन पावसातच रुसते. पडद्यावरील चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज अडखळतो आणि अखेर पडदा काळा होतो.

हे केवळ करमणुकीचे नुकसान नव्हे. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. तेव्हा २० जुलैपासून, म्हणजे श्रावणाच्या तोंडावर, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्या घरी दुसरे साधन नव्हते, तेथे चित्र तुटले की धडाही तुटे. त्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले. वादळाची सूचना ज्या वेळी सर्वांत अधिक हवी, नेमक्या त्याच वेळी छत्री मुकी होण्याचा संभव असतो. असे का व्हावे? आणि त्यावर उपाय कोणता?

हे समजण्यासाठी प्रथम छत्री कोणाकडे पाहते, ते पाहिले पाहिजे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात आपली एक फेरी पुरी करतो. त्यामुळे तो आकाशात एकाच ठिकाणी खिळल्यासारखा भासतो. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही मोफत सेवा ज्या उपग्रहावरून मिळते, तो जीसॅट-१५ उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. त्याचे स्थान ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. माझगावातून पाहता तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. छत्री मात्र एवढ्या उंच पाहत आहे असे वाटत नाही. ती समोरच्या इमारतीकडेच पाहते आहे, असा भास होतो. याचे कारण असे की, घरगुती छत्रीचा आकार एका मोठ्या वाडग्याच्या कडेचा तुकडा कापून घ्यावा तसा असतो. वरून तिरप्या आलेल्या लहरी ती खाली, दांड्याच्या टोकाशी बसवलेल्या लहानशा डब्यावर एकत्र करते. या डब्यास एलएनबी म्हणतात. तो क्षीण लहरींचे बळ वाढवतो आणि केबलमधून नेण्याजोगे त्यांचे रूपांतर करून घरातील सेट-टॉप बॉक्सकडे पाठवतो.

एवढ्या दुरून आलेल्या लहरी अतिशय क्षीण असतात. म्हणून छत्रीचा नेम अचूक लागतो. साठ सेंटिमीटर रुंदीच्या छत्रीची दिशा केवळ दीड अंशाने चुकली, तर मिळणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. दीड अंश म्हणजे किती? छत्रीची एक कड दुसरीच्या मानाने जेमतेम दीड सेंटिमीटर पुढे सरकणे, इतकेच! एखादा सैल बोल्ट आणि पावसाळी वाऱ्याचा एक झोत एवढ्यास पुरतो.

आता पावसाकडे वळू. या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. मोठ्या सरीतील थेंब काही मिलिमीटरांचे असतात. लहर जितकी आखूड, तितका थेंबांचा अडथळा तिला अधिक बाधतो; थेंब तिची काही शक्ती शोषून घेतात व काही इतस्ततः उधळून देतात. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ साली परदेशांशी संपर्कासाठी भारताचे उपग्रह-केंद्र सुरू झाले. तेथील प्रचंड अँटेना याहून लांब लहरींवर काम करी, म्हणून तिला पावसाचा त्रास कमी होता. आकाशवाणीच्या मध्यम लहरी तर शेकडो मीटर लांबीच्या असतात. पाऊस त्यांना अडवू शकत नाही. यास्तव वादळाच्या दिवसांत बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ घरी असणे शहाणपणाचे होय.

तथापि एक कोडे उरते. एकाच चाळीत, एकाच सरीत, एका बिऱ्हाडातील चित्र जाते आणि शेजारच्या बिऱ्हाडातील टिकते. पाऊस तर दोघांवर सारखाच पडतो! याचे उत्तर शिलकेत आहे. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात लहरी दुबळ्या झाल्या की चित्रावर हळूहळू मुंग्या येत. आजच्या अंकीय प्रक्षेपणात तसे होत नाही. एका ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ राहते आणि ती मर्यादा ओलांडताच ते एकदम कोसळते. ज्या छत्रीचा नेम बिनचूक आहे, तिच्यापाशी या मर्यादेच्या वर भरपूर शिल्लक असते. ती पावसात थोडी खर्च झाली तरी चालते. ज्या छत्रीचा नेम जेमतेम साधला आहे, ती कोरड्या दिवशी उत्तम चालते, पण पहिल्याच जोरदार सरीत तिचे दिवाळे निघते. म्हणून चित्र दिसू लागताच पान्हा खाली ठेवू नये. सेट-टॉप बॉक्स पडद्यावर लहरींचे बळ व गुणवत्ता असे दोन आकडे दाखवतो. त्यांतील गुणवत्तेचा आकडा निरभ्र दिवशी जास्तीत जास्त होईल, अशा रीतीने छत्री बसवावी.

दोष शोधताना पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसून ‘केव्हा बिघडते?’ हा असावा. केवळ मुसळधार सरीत चित्र जाऊन काही मिनिटांत परत येत असेल, तर नेम तपासून शिल्लक वाढवावी. पाऊस थांबल्यावरही तासन् तास बिघाड राहिला, तर केबलच्या जोडात पाणी शिरले असावे. माझगावच्या खाऱ्या हवेत असे जोड लवकर गंजतात. ते बदलून पाणी न शिरेल असे बंद करावेत. वारा सुटला की चित्र अडखळत असेल, तर बोल्ट सैल असेल किंवा वाटेत झाडाची फांदी डोलत असेल. चित्र कायमच गेले असेल, तर आग्नेयेस एखादी नवी इमारत वाटेत आली आहे की काय, ते पाहावे.

वाट मोकळी आहे किंवा नाही, हे सूर्यच सांगतो. मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी, काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास, माझगावातून पाहता सूर्य या उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो. त्या वेळी सूर्यापासून येणाऱ्या लहरींच्या गोंगाटात उपग्रहाच्या लहरी बुडतात आणि काही मिनिटे चित्र बिघडते. तो दोष छत्रीचा नव्हे. परंतु त्याच वेळी छत्रीवर ऊन पडले आहे की सावली, हे पाहावे. सूर्याकडे पाहू नये, छत्रीकडे पाहावे. ऊन पडले असेल तर वाट मोकळी; सावली असेल, तर जी वस्तू सावली पाडते तीच लहरीही अडवते.

हे काम करताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. ओल्या गच्चीवर, पत्र्यावर अथवा विजा चमकत असता कोणीही चढू नये, आणि मुलांनी तर कधीच चढू नये. ते काम जाणत्या माणसाचे किंवा कारागिराचे आहे. मुलांनी खाली संचापाशी बसून गुणवत्तेचा आकडा मोठ्याने सांगावा व वहीत टिपून ठेवावा. ही मदतही थोडी नव्हे. एका वेळी एकच बदल करावा. नेम, जोड आणि केबल ही तिन्ही एकदम बदलली, तर चित्र सुधारूनही खरा दोष कोणता होता, हे कळत नाही.

पावसास थांबविणे कोणाच्या हाती नाही. परंतु पावसाळ्यापूर्वी, वैशाखातील एखाद्या निरभ्र सकाळी, बोल्ट आवळणे, जोड तपासणे आणि नेम साधून घेणे प्रत्येक घराच्या हाती आहे. घरे शाकारण्याची जी वेळ, तीच छत्री तपासण्याचीही होय.