अ‍ॅप, डायरी की भिंतीवरचं कॅलेंडर? वेळेच्या नियोजनाचं तुमच्यासाठी योग्य साधन असं निवडा

श्रीरामपूर : गेल्या रब्बीत आमच्या गव्हाची पाण्याची पाळी हुकली. पाटकऱ्याने सांगितलेली रात्री दोनची वेळ मी लगेच मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये टाकली होती. पण बॅटरी सेव्हर सुरू होता, नोटिफिकेशन वाजलंच नाही. वडील एरवी अशी वेळ कॅलेंडरवर लिहितात. त्या दिवशी लिहिली नाही, कारण ‘तू मोबाईलमध्ये टाकलंय ना!’ चारीचं पाणी शेजपाळीप्रमाणे पुढच्या शेतात गेलं. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना गव्हाला पाणी मिळणं सर्वांत महत्त्वाचं असतं. आमच्या गव्हाला ते आठवडाभर उशिरा मिळालं, तेही विहिरीचं.

तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये नियोजनाची चार अ‍ॅप होती. मग चुकलं कुठे? आणि आपल्या कामाला कोणतं साधन चालेल, हे ओळखायचं कसं? समजून घेऊया.

सुरुवात कुठून करायची?

अ‍ॅप डाउनलोड करण्याआधी एक आठवडा साध्या कागदावर नोंद ठेवा. कोणतं काम हुकलं किंवा रखडलं आणि का, एवढंच लिहा. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं :

- ठरलेली वेळ विसरली.
- तारीख माहीत होती, पण तयारी शेवटच्या दिवसावर गेली.
- वेळ होता, पण कामात लक्ष लागलं नाही.

या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

वेळ दुसऱ्याच्या हातात असेल तर?

भंडारदरा धरणाचं आवर्तन, शेतीपंपाची कधी दिवसा तर कधी रात्री येणारी थ्री फेज वीज, कारखान्याची शिफ्ट, तत्काळ तिकीट (एसीसाठी सकाळी १०, नॉन-एसीसाठी ११) या वेळा आपण ठरवत नाही. इथे साधा अलार्म पुरतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि नोटिफिकेशनसारखा तो एकदा वाजून गप्प बसत नाही. अलार्मला ‘गहू - पाणी’ असं नाव देता येतं, ठरावीक वारही निवडता येतात. विजेचं वेळापत्रक बदललं की अलार्मही बदला. रात्रीच्या कामासाठी दहा मिनिटांच्या अंतराने दोन अलार्म लावा आणि मोबाईल चार्ज आहे का, ते पाहा.

मुख्य म्हणजे, काम जो करणार त्याच्याच मोबाईलमध्ये अलार्म लावा. आमच्याकडे बारं द्यायला वडील जाणार होते आणि आठवण माझ्या मोबाईलमध्ये होती.

तारखा चुकत असतील तर?

मग कॅलेंडर हवं. १९७३ पासून निघणारं ‘कालनिर्णय’ अनेक घरांत दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर, लग्नाच्या तारखा सांभाळतं. ते सगळ्यांना दिसतं आणि पासवर्ड लागत नाही, हे त्याचं बळ. एकच अडचण : २० तारखेच्या चौकटीत लिहिलेलं काम बऱ्याचदा २० तारखेलाच दिसतं.

दुकानदारांचंच उदाहरण घ्या. दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख, तर जीएसटीआर-३बी ची २० तारीख असते. उशीर झाला की दिवसागणिक विलंब शुल्क लागतं. म्हणून शेवटच्या तारखेआधी पाच दिवसांच्या चौकटीत ‘बिलं गोळा करा’ असंही लिहा. गुगल कॅलेंडरमध्ये ‘दरमहा’ निवडून एकाच कामाच्या दोन-तीन आठवणी लावता येतात. दुकानाचं काम एकटेच बघत असाल तर मोबाईल बरा. घरातल्या चौघांना कळायला हवं असेल तर भिंत बरी.

अभ्यासाला बसूनही काम होत नसेल तर?

अभ्यासिकेत सहा तास बसूनही पानं पुढे सरकत नाहीत, ही स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांची नेहमीची तक्रार. त्यांना टायमर उपयोगी पडतो. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘पोमोडोरो’ पद्धत शोधली. त्यांच्याकडचा स्वयंपाकघरातला टायमर टोमॅटोच्या आकाराचा होता आणि टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणतात. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती. अशा चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची सुट्टी. टायमर मोबाईलवर लावला तर रील्स हाताशीच असतात. त्यापेक्षा मनगटी घड्याळ वापरा आणि मोबाईल बॅगेत ठेवा. गणितं सोडवताना २५ मिनिटं कमी पडत असतील तर ४० करा.

साधन जमलं की नाही, कसं कळेल?

एका वेळी एकच साधन घ्या आणि दोन आठवडे वापरा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा :

- रोज न सांगता ते उघडलं किंवा पाहिलं जातं का?
- ते सांभाळायला दिवसाला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जातो का?
- आधी हुकणारं काम आता वेळेवर होतं का?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर साधन बदलू नका, मग ते दहा रुपयांची वही का असेना. रंगीत चौकटी सजवण्यातच वेळ जात असेल, तर ते खुशाल काढून टाका.

आमच्या घरी आता पाळीची वेळ आधी कॅलेंडरवर लिहिली जाते, मग वडिलांच्या मोबाईलमध्ये दोन अलार्म लागतात. माझ्या चारपैकी तीन अ‍ॅप मी काढून टाकली. उरलेलं एक बातमीच्या डेडलाइनपुरतं ठेवलंय.