क्रमपाठ आणि मोटारीचें हेड

मोटार दुरुस्त करणें हें संस्कृताच्या विद्यार्थ्याचें काम नव्हे, असें आमच्या घरांतील वडील मंडळींचें मत होतें. माझें मत असें कीं, त्या कामास मनगटांत जोर असला म्हणजे पुरे. दोनही मतें चुकीचीं होतीं. त्यांपैकीं माझें कसें खोटें ठरलें, तेवढें येथें सांगतों.

१९७६ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मी सांगलीस मामांकडे गेलों होतों. एस. एस. सी. होऊन पाठशाळेंत मला एक वर्ष झालें होतें. मामांपाशीं एक जुनी मॉरिस मायनर होती. इंजिन ९४८ सी. सी. चें. आजीस दर आठवड्यास मिरजेस इस्पितळांत न्यावें लागे, आणि बसच्या पायऱ्या तिला चढवत नसत. अशांत गाडी तापूं लागली. रेडिएटरांत बुडबुडे दिसूं लागले. हेडचें गॅस्केट गेलें, असें मिस्त्रींनीं निदान केलें. हेडचा तळ यंत्रावर सपाट करून आणण्याचें त्यांनीं पत्करलें. बाकीचें काम मामांनीं मजवर सोंपविलें.

हेड म्हणजे चार सिलिंडरांवरील बिडाचें जड झांकण. त्यांत आठ व्हॉल्व असतात. चार पेट्रोलमिश्रित हवा आंत घेणारे, चार जळलेला वायु बाहेर सोडणारे. प्रत्येक व्हॉल्व आपल्याच बैठकीवर परत बसला पाहिजे. म्हणून पुठ्ठ्यास आठ भोंकें पाडून, आंकडे घालून, त्यांत ते ओळीनें खोंवून ठेविले. मग काजळी खरवडली. बैठकीस घासण्याचा मलम लावून, रबरी टोंकाची काठी व्हॉल्वास चिकटवून, ताक घुसळतांना रवी फिरवावी तशी ती तळहातांत फिरवावयाची. सभोंवार सारखें राखी कडें उमटलें म्हणजे घांसणें पुरें. शेवटीं रॉकेल ओतून पाहिलें. थेंबही गळला नाहीं. मला धन्यता वाटली.

तेथेंच घात झाला. दुसरे दिवशीं इस्पितळाचा वार होता. हेडचे नऊ नट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळावयाचे, असें मिस्त्रींनीं बजावलें होतें. मीं मात्र एका टोंकापासून आरंभ करून एकेक नट एकदांच पुरता आवळीत गेलों. सकाळीं विश्रामबागेपुढें गाडींतून वाफ निघाली. आजी तासभर लिंबाच्या सावलींत बसून राहिली. ती रागावली नाहीं, एवढेंच म्हणाली, "क्रम सोडून म्हटलेला पाठ तुम्हां मुलांना पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागतो ना रे? मग हेंही पुन्हा कर."

एका टोंकाकडून आवळल्यास झांकण सारखें टेकत नाहीं. गॅस्केट एकीकडे चेंगरतें, दुसरीकडे सैल राहतें. दुसऱ्या खेपेस नवें गॅस्केट घातलें, आणि मधल्या नटापासून आरंभ करून जोर मोजणाऱ्या पान्यानें तीन फेऱ्यांत चाळीस फूट-पौंडांपर्यंत नट आवळले. व्हॉल्वांवरील अंतर इंचाच्या बारा सहस्रांशाइतकें ठेवावयाचें. त्यासही क्रम आहे : आठवा पूर्ण उघडा असतां पहिल्याचें अंतर मोजावें, सहावा उघडा असतां तिसऱ्याचें, बेरीज सदा नऊ. वेदपाठ्यांच्या क्रमपाठांत पदें जोडीजोडीनें पुढें सरकतात, तीं पाठांतील एक अक्षरही ढळूं नये म्हणून. तोच हेतु मला येथें दिसला.

ज्यांच्या घरीं आज अशी गाडी जपलेली आहे, त्यांनीं एक गोष्ट अधिक करावी. २००० सालीं आपल्या देशांत शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आलें. पूर्वीचें शिसें बिडाच्या बैठकींचें रक्षण करी. तें गेल्यामुळें धूर सोडणाऱ्या व्हॉल्वांच्या बैठकी झिजून खोल जातात. म्हणून हेड उतरविलें असतां तेथें कठीण पोलादाचीं कडीं बसवून घ्यावीं.

त्या सुटींत आजीची एकही फेरी पुन्हा चुकली नाहीं. पुढें मास्तरकींत एखादा मुलगा पाठ म्हणतांना अडखळला कीं, मला तें लिंबाचें झाड आठवे, आणि मी त्यास न रागावतां म्हणें, "बाळ, पुन्हा पहिल्यापासून."