टेलिमेडिसिन : मजुरी वाचते, पण नियम पाळा

सिल्लोड-कन्नडच्या मजुराला औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) घाटी रुग्णालय गाठायचे तर बसभाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. यावर उपाय म्हणजे केंद्र सरकारची मोफत 'ई-संजीवनी' सेवा. २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांतून सुरू झाली, २०२० पासून मोबाईलवरही आली. खासगी डॉक्टर फी घेऊ शकतात; मात्र २५ मार्च २०२० च्या नियमावलीनुसार फीची पावती आणि नोंदणी क्रमांकासह औषधाची चिठ्ठी द्यावी लागते. अंमली द्रव्य कायद्याखालील औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. औषध दुकानदारांनी हे ध्यानात ठेवावे. छातीत दुखणे, अपघात, बाळंतपण अशा वेळी मात्र फोनवर न थांबता थेट रुग्णालय गाठावे, असे आम्ही वाचकांस आवर्जून सांगतो.